पिंजरा मागायचा की भिंतीमागचा उकिरडा उचलायचा? (नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्यांसाठी)

कडेलोट:

मंडळी, आमची सोसायटी कांदिवली पूर्वेला, अगदी टोकाची. मागची भिंत संपली की संजय गांधी नॅशनल पार्कची हद्द. गेल्या आठवड्यात पहाटे बिबट्या भिंतीवरून आत उतरला, जनरेटरच्या खोलीमागून फिरला, एक कुत्रं उचललं आणि आल्या वाटेने निघून गेला. माणसाकडे बघितलंसुद्धा नाही. वॉचमन केबिनमध्ये झोपला होता, त्याला सकाळी व्हिडिओ बघून घाम फुटला.

आता विशेष सर्वसाधारण सभा लावली आहे. विषय एकच: वनखात्याला पत्र लिहून पिंजरा लावून घ्यायचा आणि पकडलेला बिबट्या 'लांबच्या जंगलात' सोडायला सांगायचा. सेक्रेटरींनी मसुदाही फिरवलाय. मी सही केलेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या भिंतीला लागून जो उकिरडा साठतो त्याचं आधी बघा. जवळच्या हॉलमधलं लग्नाचं उरलंसुरलं, बिर्याणीचे डबे, थर्माकोलच्या पत्रावळ्या, डायपर, शहाळी. त्यावर कुत्र्यांची एक टोळी आणि डुकरं कायम मुक्कामाला. बिबट्या काय आमच्या क्लबहाउसमध्ये टेबल टेनिस खेळायला आला नव्हता.

सभेत टिकतील असे मुद्दे द्या. हळवे नकोत, आमच्याकडे दोन सीए आहेत.

झणझणीत_मिसळ:

आधी 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून चौरस फुटाला जास्तीचे पैसे मोजायचे, आणि फॉरेस्टने उलटा व्ह्यू घेतला की पत्र लिहायचं. चालू द्या, मी बसलोय.

येऊरकर:

कडेलोट, पहिला मुद्दा कायद्याचा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही, आणि 'आमच्या आवारात दिसला' हे त्यासाठी पुरेसं कारण नाही. सोसायटीने ठराव केला म्हणून पिंजरा येत नसतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. समजा पिंजरा लागला आणि नेमका तोच बिबट्या सापडला (बहुधा दुसराच सापडतो). त्याची हद्द रिकामी झाली. शेजारचा एखादा तरुण नर काही दिवसांत ती बळकावतो. जुन्याला तुमचा वॉचमन, तुमच्या गाड्या, तुमची पहाटे फिरायला जाणारी माणसं सगळं पाठ होतं. नव्याला काहीच ठाऊक नसतं. म्हणजे ओळखीचा शेजारी घालवून तुम्ही अनोळखी बोलावलात.

आणि 'लांबचं जंगल' म्हणजे नक्की कुठलं? २००४ च्या जूनमध्ये या पार्कच्या कडेला हल्ल्यांची जी रांग लागली ती जुन्या लोकांना आठवत असेल. त्या काळात दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडत. जुन्नरकडेही तोच अनुभव आला: पकडून सोडल्यावर, जिथे सोडले तिथे हल्ले वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचा या विषयावरचा अभ्यास सगळ्या वनखात्यांना माहीत आहे.

त्यांच्याच कामातला 'आजोबा' नावाचा बिबट्या आठवा. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला म्हातारा नर. २००९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या तिथे थांबलाच नाही. शेतं, गावं, रेल्वे, हायवे ओलांडत सव्वाशेएक किलोमीटर चालून आपल्या पार्कच्या नागला भागात येऊन राहिला. वाटेत एकाही माणसाला हात लावला नाही. २०११ मध्ये हायवेवर गाडीखाली गेला. सीएंना विचारा, सोडलेला माल स्वतःच्या पायाने परत येणार असेल तर वाहतूक खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा.

मोरगावचा_मोरया:

सगळं ऐकायला छान आहे. पण माझा नातू चार वर्षांचा आहे. २०२२ च्या दिवाळीत पार्कला लागूनच्या आरेत दीड वर्षाची मुलगी बिबट्याने नेली, हे इथे कुणी लिहिणार नाही का? २०१७ ला, २०२१ ला आरेत काय झालं? ज्यांच्या घरचं जातं त्यांना हद्दीचं गणित सांगून बघा. जंगल जंगलाच्या जागी असावं, माणूस माणसाच्या.

पाड्यावरची:

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते. कडेलोट यांच्या भिंतीच्या पलीकडे, जरा आत, आमचा पाडा आहे. नाव सांगत नाही.

मोरया काका, जी लेकरं गेली ती पाड्यांतली आणि चाळींतली होती. टॉवरमधली नव्हती. तुमच्याकडे भिंत आहे, वॉचमन आहे. आमच्याकडे संध्याकाळी बाई संडासला जाते ती मोबाइलच्या उजेडात, आणि वाटेवर दोन्ही बाजूंना छातीएवढी टणटणीची (घाणेरीची) झुडपं. माझी आजी म्हणायची, वाघाला तू दिसली पाहिजेस आणि ऐकू आली पाहिजेस. म्हणून आम्ही मोठ्याने बोलत जातो, गाणी लावतो, पोरांना मध्ये घेऊन चालतो. अंगणात वाकून बसलेलं लहान पोर त्याला माणूस वाटत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत पोरं घरात.

आम्ही वारली. आमच्याकडे वाघोबा देव आहे. चंद्र, सूर्य आणि वाघ कोरलेला लाकडाचा खांब. वाघबारशीला त्याचं करतो. त्याचा अर्थ आम्हाला भीती नाही असा नाही हो. भीती आहे म्हणूनच देव आहे. तुम्ही शहरातले लोक याचे फार गोड फोटो काढता, मग संडास आणि दिव्यासाठी अर्ज केला की आम्ही 'अतिक्रमण' होतो.

येऊरकर:

@पाड्यावरची, 'दिसली पाहिजेस आणि ऐकू आली पाहिजेस' हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावायला हवं.

@मोरया, हल्ले खोटे नाहीत आणि कुणी लपवतही नाही. २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि मुंबईकर मिळून जे काम सुरू झालं त्याचं सारच हे, की पिंजऱ्याऐवजी उजेड, संडास, कचरा आणि लोकांशी बोलणं. कंटाळवाणी यादी आहे. पिंजऱ्याचा फोटो पेपरात छापून येतो, संडासाचा येत नाही.

टिपूस:

कॅमेरा ट्रॅपच्या (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) कामात हौशी मदतनीस म्हणून जाऊन आलोय, त्यामुळे थोडं आकड्यांचं.

पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटर. २०१५ च्या मोजणीत पार्क, आरे आणि आसपास मिळून ३५ बिबटे ओळखले गेले, २०१८ मध्ये ४७. एवढ्या लहान जागेत एवढे बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. आणि हे 'पाहिले' किंवा 'पावलांवरून मोजले' असे आकडे नाहीत. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन का? कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीसारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर एका जनावराचे दोन होतात. कॅमेऱ्यासमोरचं गवत हाताने उपटावं लागतं, नाहीतर वाऱ्याने पातं हललं की रात्रभर पात्याचेच फोटो. कार्डात बिबट्यापेक्षा जास्त कुत्री येतात, त्याहून जास्त माणसं, सरपणाच्या मोळ्या घेतलेली, क्रिकेटची बॅट घेतलेली, आणि एकदा पार्कच्या पार आतल्या वाटेवर केक घेऊन वाढदिवसाला आलेली कॉलेजची गँग.

कुत्र्यांवरून आठवलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंदाज मांडलाय, की इथल्या बिबट्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा आहे, वर्षाला दीडेक हजार कुत्री. त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे हजाराच्या घरात कमी होतात, असंही गणित त्यात आहे. अंदाजच आहे, पण सीएंना आवडेल.

मोरगावचा_मोरया:

थांबा. इथे मला तुमच्यात गोंधळ दिसतोय. एकीकडे म्हणता उकिरडा हटवा म्हणजे कुत्री कमी होतील. दुसरीकडे म्हणता बिबट्या कुत्र्यांवर जगतो. मग उकिरडा हटवला की तो खाणार काय? आमच्या भिंतीवर येऊन वाट बघत बसेल.

झणझणीत_मिसळ:

मोरया काकांनी यॉर्कर टाकलाय. खेळा.

पळसपान:

मोरया यांचा प्रश्न बरोबर आहे आणि धाग्याचा खरा विषय तोच व्हायला हवा. बिबट्या कुत्र्यांवर जगतोय ही आनंदाची गोष्ट नाहीच. आतलं खाणं त्याला पुरेसं सोपं राहिलेलं नाही, त्याची ती खूण आहे. चितळ, सांबर, वानर, रानडुक्कर, घोरपड, उदमांजर, घुशी सगळं आत आहे. पण चितळाला गवत लागतं. गवत कुठे आहे? पावसाळा संपला की कुठल्याही मोकळ्या उतारावर बघा: टणटणी आणि रानमोडी. चितळ ते खात नाही. खाली सावली एवढी दाट, की गवताचं बी रुजत नाही आणि ऐन, खैर, कळंब, पळस यांची रोपंही वर येत नाहीत. वर हिरवंगार दिसतं, सॅटेलाइटवरून तर फारच छान दिसतं, पण चरणाऱ्या जनावराला ते रिकामं ताट आहे.

आणि टणटणी काढायची म्हणजे कोयत्याने सपासप कापायची नव्हे. कापली की बुंध्यातून दुप्पट फुटते. जमिनीखाली बोटभर, मूळ जिथे खोडाला मिळतं तिथे कुदळीने घाव घालून गड्डा उपटायचा आणि उलटा टाकायचा, मुळं आकाशाकडे. तेही फळं काळी व्हायच्या आत, नाहीतर बुलबुल बिया खाऊन पुढच्या उतारावर पेरणी करतात. पुढची दोनतीन वर्षं पावसाळ्यानंतर परत जाऊन नवी रोपं हाताने काढायची. हे काम कुणाला नको असतं कारण शेवटी फोटोत काय दिसतं, तर मोकळी जमीन.

त्याऐवजी काय होतं? वृक्षारोपण. जूनच्या पहिल्या रविवारी टी-शर्ट घातलेली शंभर माणसं येतात, आणि जिथे चांगलं गवताळ माळरान आहे नेमकं तिथे खड्डे खणतात, कारण तिथे 'रिकामी जागा' आहे! गवताळ जागेत झाडं लावणं म्हणजे चितळाचं ताट उचलून नेणं. लावतात काय तर कुठल्या नर्सरीत जे स्वस्तात मिळेल ते. गिरिपुष्प आणि सुबाभूळ पूर्वी असेच आले. आमच्या ओळखीतल्या एका मोठ्या कंपनीच्या कार्यक्रमात तर गुलमोहोर आणलेले पाहिलेत, जंगलात लावायला. मी तिथेच हात जोडले.

वणव्याचंही तेच. जानेवारीनंतर वाळलेली टणटणी आगीला शिडीसारखी वर नेते. गवताची आग पायाखालून निघून जाते, टणटणीची झाडाच्या शेंड्याला लागते. बहुतेक आगी कडेवरूनच सुरू होतात, पेटवलेला कचरा किंवा विडीचं थोटूक. आग पुढे पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जाळरेषा (गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढतात, पण जाळरेषेच्या अलीकडे तुमचा हाउसकीपिंगवाला पालापाचोळा पेटवत असेल तर काय उपयोग?

तेव्हा मोरया, उत्तर असं: कचरा हळूहळू आणि कायमचा हटवायचा, कुत्र्यांची नसबंदी चालू ठेवायची, आणि त्याच वेळी आतलं गवत परत आणायचं. नुसता कचरा हटवून भागणार नाही हे तुमचं म्हणणं मान्य.

मोरगावचा_मोरया:

बरं. एवढं कुणी तरी सरळ सांगितलं. पिंजऱ्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, पण पाला पेटवण्याचा विषय मी आमच्या कमिटीत काढतो. रोज सकाळी धूर असतो.

मुलुंडचे_अण्णा:

सीएंसाठी पाण्याचा मुद्दा घ्या. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही या जंगलाच्या पोटात, आणि दोन्हींचं पाणी मुंबई आजही पिते. सात तलावांपैकी शहराच्या हद्दीतले हेच दोन. बाकीचं पाणी शंभर-शंभर किलोमीटरवरून पाइपात आणावं लागतं. पाणलोटात जंगल आहे म्हणून गाळ कमी येतो. दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या चारही नद्यांचा उगम याच डोंगरात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तेव्हा हे उतार काँक्रीटचे असते तर तुमच्या कांदिवलीचं काय झालं असतं, याचा हिशेब त्यांनाच मांडायला सांगा. बिबट्या आवडो न आवडो, तो ज्या जंगलाची राखण करतो ते त्यांच्या स्टिल्ट पार्किंगच्या कामाचं आहे.

मरोळची_मैना:

थोडा विरोधी सूर लावते. इथे सगळे 'विकास म्हणजे राक्षस' या चालीवर बोलायला लागण्याआधी. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेत एका रात्रीत मेट्रो ३ च्या कार शेडसाठी झाडं पडायला लागली तेव्हा मीही चिडले होते. २१४१ झाडं तोडून झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. पण आज मी मेट्रो ३ ने ऑफिसला जाते, आणि पूर्वी अंधेरी-कुर्ला रोडवर दीड तास सडायचे. दोन्ही खरं आहे. आता बोरिवली-ठाणे बोगदा आणि गोरेगाव-मुलुंड रस्ता येतोय. ते पण नको का? ठाण्याला जायला घोडबंदर रोडवर दोन तास घालवणाऱ्यांनी उत्तर द्यावं.

येऊरकर:

घोडबंदरवर दोन तास घालवणारा इथे हजर आहे. :)

बोगदा रस्त्यापेक्षा बरा, हे मी कुठेही म्हणेन. बोरिवली-ठाण्याचे जुळे बोगदे सव्वादहा किलोमीटरचे, गोरेगाव-मुलुंडचे ४.७ किलोमीटरचे. जमिनीवरून रस्ता नेला असता तर पार्कचे सरळ दोन-तीन तुकडे झाले असते. माझी हरकत बोगद्याच्या तोंडांवर आहे. तिथली झाडं, तिथून निघणारा दगड टाकणार कुठे, रात्रभर चालणारे डंपर, आणि काम संपल्यावर 'तात्पुरत्या' रस्त्यांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या टपऱ्या. करारात हे सगळं असतं. लक्ष ठेवायला कुणी जात नाही, म्हणून आपण जायचं.

पण माझ्या मते या जंगलाचा सगळ्यात मोठा प्रश्न बोगद्याचा नाहीच. तो उत्तरेला आहे, आणि तिकडे कुणी फिरकत नाही कारण तिथे मेट्रो नाही आणि सेलिब्रिटी नाहीत. पार्कचा नागला भाग घोडबंदर रोडच्या पलीकडे वसईच्या खाडीपर्यंत. खाडीपलीकडे तुंगारेश्वर. तिथून पुढे तानसापर्यंत जंगल तुकड्यातुकड्याने जातं. बिबट्याला ती वाट ठाऊक आहे, आजोबाने चालून दाखवलंय. मध्ये घोडबंदर रोड, अहमदाबाद हायवे, चिंचोटी-भिवंडी रस्ता, वसई-दिवा रेल्वे, आणि आता प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर गोदाम. ही वाट मिटली तर ४७ असोत की ७४, सगळे एका बेटावर अडकले. मग आपसांतच पैदास, आणि तरुण नरांना बाहेर पडायला जागाच नाही. मग ते कुठे जाणार? कडेलोट यांच्या जनरेटरच्या खोलीमागे.

जनावरं रस्ता ओलांडताना शक्यतो नाल्याच्या मोऱ्या वापरतात. त्या गाळाने आणि प्लास्टिकने तुंबल्या की वर डांबरावर येतात. मोरी साफ ठेवणं, तिच्या दोन्ही तोंडांना झुडूप राखणं, रात्री वेग आवरणं. एका उड्डाणपुलाच्या उद्घाटनाच्या मंडपाच्या खर्चात होईल.

पळसपान:

+१. आणि २०१६ च्या अधिसूचनेत पार्कभोवती ५९.४६ चौरस किलोमीटरचं इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्र जाहीर झालंय. रुंदी कुठे चार किलोमीटर, कुठे फक्त शंभर मीटर. कडेलोट, तुमची सोसायटी त्यात येते का ते आधी नकाशावर बघा. येत असेल तर उघड्यावर कचरा आणि रात्रीचा झगमगाट हे विषय नुसते सौजन्याचे राहत नाहीत. पार्कच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरला, रात्री टर्फवर फ्लडलाइट आणि बंगल्यांवर डीजे चालतात, ते याच मुद्द्यावर लोकांनी लावून धरलंय.

कडेलोट:

सगळ्यांचे आभार. नकाशा बघितला, आम्ही क्षेत्रात येतो. सेक्रेटरींना फोन केला, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

पत्राचा नवा मसुदा केलाय. पिंजऱ्याची मागणी काढली. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला: भिंतीमागचा कचरा रोज उचलणे, हॉलवाल्याला नोटीस. वनखात्याला: आमच्याकडे माहितीचं सत्र घ्या, आणि १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक गेटवर लावायला परवानगी कसली, तो आम्ही लावतोच. सोसायटीने स्वतः करायचं: पाला पेटवणं बंद, कुत्र्यांना भिंतीजवळ खाऊ घालणं बंद (यावर भांडण होणार, प्राणीप्रेमी मंडळींचा एक गट आहे), आणि पोडियमवरचे जंगलाकडे तोंड केलेले हॅलोजन काढून टाकणे.

काही राहिलं का?

झणझणीत_मिसळ:

'फॉरेस्ट व्ह्यू'चे जास्तीचे पैसे परत मागा. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

पाड्यावरची:

राहिलं. तुमच्या हॅलोजनचा उजेड भिंतीवरून आमच्या वाटेवर पडतो. आमच्या बायका त्याच उजेडात संडासला जातात. तो काढलात तर तिथे ठार काळोख. जनावराला त्रास होतो हे मला पटतं, पण मग वाटेला वेगळा दिवा द्या, खाली तोंड केलेला, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची टणटणी पळसपान सांगतात तशी गड्ड्यासकट काढा. आमची माणसं काम करतील, कुदळ आम्हाला शिकवायला नको. मजुरी मात्र द्यायची.

पळसपान:

मजुरीचं मी आमच्या ग्रुपमध्ये बोलते. फळं धरायच्या आत सुरू करू.

कडेलोट:

@पाड्यावरची, हे डोक्यातच आलं नव्हतं. मसुद्यात वेगळा मुद्दा केला: वाटेचा दिवा लागल्याशिवाय हॅलोजन काढायचे नाहीत. ताई, सभा रविवारी सकाळी साडेदहाला आहे. तुम्ही किंवा पाड्यावरचं कुणी आलात तर गेटवर माझं नाव सांगा.

पाड्यावरची:

गेटवर नेहमी अडवतात. तुम्ही खाली या.

कडेलोट:

येतो. सव्वादहाला गेटवर उभा असेन.